टॅबिथाच्या कर्जाला जामीन

८ जानेवारी

लाँचने येणाऱ्या नर्सने ही वही दिली. रोज सकाळी बोट टोचायचं आणि साखर किती ते लिहायचं, एका पानावर एक आकडा. एवढ्या मोठ्या पानावर एक आकडा लिहून बाकीचं कोरं सोडणारी बाई मी नाही. शाळा माझी सहावीत सुटली, मग मी खेकडे सोलायला बसले ती आजवर. पण अक्षर माझं शेजारच्या इनेझपेक्षा बरं आहे, आणि ती दहावी आहे.

साखर १४८. काल केक खाल्ला होता. नर्सला सांगणार नाही.

आज माझी नात टॅबिथा शाळेच्या होडीतून बेटावर उतरली ती धावतच घरी आली. खाडीपलीकडे, राज्य सरकारच्या कॉलेजात तिला घेतलंय. मी विचारलं, "कशाचं शिक्षण?"

"पाण्याचं. खाडीतलं मीठ, गाळ, खेकड्यांची अंडी, सगळं."

"पाण्याचा अभ्यास करायला पैसे भरून पलीकडे जायचं? दाराबाहेर काय आहे मग, दूध?"

ती हसली नाही. पत्र माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी वाचलं. वर्षाचा खर्च खाली लिहिला होता. मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. आकडा तोच.

१२ जानेवारी

टॅबिथाने शाळेचा लॅपटॉप जेवायच्या टेबलावर मांडला. सरकारचा अर्ज आहे. तो भरला की सरकार घराची ऐपत ठरवतं, आणि त्यावरून शिकायला फुकट किती द्यायचे, कर्जाऊ किती द्यायचे ते सांगतं. अर्ज भरायला पैसे पडत नाहीत. फाफ्सा म्हणतात. नाव एखाद्या कुत्र्याचं वाटतं.

"कर्ज माझ्या नावावर असणार," ती म्हणाली.

"तुझ्या नावावर आहे काय? एक सायकल. तीही गंजलेली."

"काही लागत नाही, आजी."

"तारण?"

"नाही."

"जामीन?"

"नाही."

"तुझ्या मास्तरीणबाईंना नीट माहीत नसेल. असं कर्ज जगात नाही."

मग अर्जाने विचारलं, पालक कोण. मी म्हटलं, "लिही. व्हर्जी कॉर्बिन." तिने लिहिलं. खाली बारीक अक्षरं होती ती तिने मोठ्याने वाचली. आजी-आजोबा सांभाळत असले तरी ते पालक नव्हेत. रीतसर दत्तक घेतलं असेल तरच.

"विचार त्याला," मी म्हटलं, "तुला गोवर आला तेव्हा खाडीवर बर्फ धरलेलं असताना तुला छातीशी घेऊन होडीत कोण बसलं होतं."

"त्याला ऐकू येत नाही, आजी."

"मग बोलतो कशाला?"

"त्यांना आई हवी आहे," टॅबिथा म्हणाली. "तिने तिच्या फोनवरून आपलं खातं उघडायचं, तिच्या कराचे आकडे बघायला परवानगी द्यायची. ती दिली नाही तर अर्ज अर्धाच. राज्याची मदत हवी असेल तर मार्चच्या पहिल्या तारखेच्या आत."

डार्ला माझी मुलगी. तिचा नवरा, तोही कॉर्बिनच, हिवाळ्यात कालवं काढताना बुडाला, तेव्हा टॅबिथा दोन वर्षांची. मग डार्लाने नशेच्या गोळ्या धरल्या आणि पोरगी सात वर्षांची असताना बेट सोडलं. त्याला अकरा वर्षं झाली. एवढं पुरे. वही साखरेची आहे.

मी उठून बटाटे सोलायला घेतले. सोलून झाल्यावर पाहिलं तर पाच माणसांना पुरतील इतके. आम्ही दोघी आहोत.

१९ जानेवारी, रविवार

आज चर्चमध्ये उभी राहिले.

आमच्याकडे कुणाला इंजिनासाठी, होडीसाठी पैसे उचलायचे असले की तो रविवारच्या प्रार्थनेआधी सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो. मग ज्याचा त्याच्यावर भरवसा तो उठून त्याच्या मागे जाऊन उभा राहतो. झाला जामीन. सावकाराला दुसरं काही लागत नाही. पलीकडची बँकसुद्धा कॅप्टन अल्टनला विचारते, मागे कोण कोण उभं होतं.

मी म्हटलं, "माझ्या टॅबिथाला शिकायला कर्ज घ्यायचंय. सरकारकडून. पोरगी सरळ आहे, खोटं बोलते तेव्हा कान लाल होतात."

बाक करकरले. आधी अल्टन आला, लाँच चालवतो तो. मग इनेझ. मग मार्श बंधू दोघे, जे एकमेकांशी चार वर्षं बोलत नाहीत. एक माझ्या उजव्या खांद्याला, दुसरा डाव्या. शेवटी म्हातारा हार्लन. त्याला काही ऐकू येत नाही. सगळे उठले म्हणून उठला.

मी चष्मा काढून पुसला. चर्चमधली शेगडी धूर फार करते.

टॅबिथाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "आजी, मी सांगितलं होतं ना, जामीन लागत नाही."

"लागत नसेल तर उत्तम. असलेला कुठे जात नाही."

ती धक्क्यावर जाऊन फोनवर बोलत बसली. असल्या वाऱ्यात.

२७ जानेवारी

खाडी गोठली. लाँच नाही, टपाल नाही, शाळा नाही. कालवांचं कालवण केलं. साखर १२९, नर्सला हे सांगणार.

टॅबिथा रोज धक्क्याच्या टोकाला जाऊन फोनवर बोलते. कधी हसते, कधी नुसती ऐकते. कुणी पोरगा असणार. विचारलं नाही. विचारलं की सांगेल, आणि सांगितलं की मला मत द्यावं लागेल.

३ फेब्रुवारी

बर्फ फुटला. पलीकडे जाऊन आलो. आम्ही सात जण. टॅबिथा, मी आणि पाच जामीन. बाप्ये चर्चचे शर्ट घालून आले होते. मार्श बंधूंनी एकाच रंगाचे घातले म्हणून दोघे चिडून बसले. मी दहा थरांचा केक केला होता. कुणाकडे पैसे मागायला जायचं तर रिकाम्या हाताने जायची आमची रीत नाही. वाटेत मांडीवर धरून माझे पाय झोपले.

कॉलेजात या कामासाठी एक वेगळी खोली आहे. तिथे मिस पर्नेल नावाची मुलगी. पंचविशीची असेल, केसांच्या बारीक वेण्या, समोर दोन खुर्च्या. आम्ही सात जण शिरलो तर दार मिटेना.

"आपण सगळे... कुटुंबीय?" तिने विचारलं.

"जामीन," अल्टन म्हणाला. टोपी काढून त्याने होडीचे कागद टेबलावर ठेवले. "छत्तीस फुटी आहे. इंजिन तीन वर्षांचं. पोरीने बुडवलं तर ही तुमची."

मिस पर्नेलने कागद उचललाही नाही, ढकललाही नाही. दोन्ही हात मांडीवर घेतले. "कॅप्टन, मला ही घेता येणार नाही."

"कमी पडते?"

"पुष्कळ होते. पण हे कर्ज केंद्र सरकारचं आहे. विद्यार्थ्याला देताना ते जामीन घेत नाही. घर, होडी, बँकेतली पत, काही बघत नाही. तिची सही पुरते."

 मग इनेझने विचारलं, "आणि तिने नाही फेडलं तर?"

"तर त्रास होतो. तिलाच. पगारातून कापून घेतात, पुढे कुणी उधार देत नाही. तो भाग मी गोड करून सांगणार नाही. पण देताना सरकार एवढंच बघतं की ती शिकायला आली आहे का."

"काय म्हणाली?" हार्लन ओरडला.

इनेझ त्याच्या कानात ओरडली, "म्हणाली, पोरगीच पुरे!"

"हे होडीत बसायच्या आधी सांगता आलं नाही?" हार्लन म्हणाला, आणि ज्या दोन खुर्च्या होत्या त्यातल्या एकीवर बसला.

मी उधार देणारी माणसं पुष्कळ पाहिली आहेत. माझा नवरा जिवंत असताना एक माणूस आमच्या स्वयंपाकघरात येऊन भांडी मोजून गेला होता. आणि इथे एवढ्या मोठ्या देशाचं सरकार एका अठरा वर्षांच्या मुलीला, जिला अजून पाव करपवल्याशिवाय भाजता येत नाही, म्हणतं, घे, शीक, मग बघू. मी मिस पर्नेलकडे बघत राहिले, कुठेतरी फट असेल म्हणून. फट दिसली नाही. त्या खोलीत मला पाद्र्याच्या प्रवचनात कधी वाटलं नाही असं काहीतरी वाटलं. टोपी असती तर मीही काढली असती.

मग ती म्हणाली, अडचण वेगळीच आहे. अर्जात आई नाही.

"कोर्टाचा पालकत्वाचा हुकूम आहे का, मिस व्हर्जी? असेल तर टॅबिथा स्वतंत्र धरली जाते. मग आई-वडिलांचं काही लागत नाही."

"नाही."

"कधी अर्ज केला होता?"

"नाही."

तिने कारण विचारलं नाही. दुसरा एक रस्ता आहे म्हणाली. आईने टाकून दिलं असेल, तिच्यापर्यंत पोहोचताच येत नसेल, किंवा पोहोचण्यात धोका असेल, तर कॉलेज स्वतःच्या अधिकारात ठरवू शकतं. पण घराबाहेरच्या, माहिती असलेल्या माणसांनी तसं लिहून द्यावं लागतं.

"आम्ही लिहितो!" पाचही जण एकदम. मार्श बंधूसुद्धा, एका सुरात. बिचारे सकाळपासून काहीतरी द्यायला आले होते, आणि आता घेणारं कुणी भेटलं.

मिस पर्नेल माझ्याकडे वळली. "तिची आई कुठे असते, तुम्हाला माहीत आहे?"

मी केक कापायला सुरी मागितली.

४ फेब्रुवारी

इनेझ सकाळीच लिहून घेऊन आली. "मी, इनेझ टॉल, शपथेवर सांगते की डार्ला कॉर्बिन हिने आपली मुलगी टाकली..." अक्षर भयंकर.

"हे घेऊन जा," मी म्हटलं.

"व्हर्जी, खरंच आहे ना? अकरा वर्षं कुणी केली? तू की तिने?"

"केली ती मी केली. तुझ्या कागदाचा काय संबंध?"

"पोरीचं कॉलेज जाईल तुझ्या हट्टापायी."

"तू तुझ्या मांजराकडे बघ. काल माझ्या ओसरीवर मासा टाकून गेलं."

ती दार आपटून गेली. कागद टेबलावर राहिला. मी तो शेगडीत घातला.

लोक मला विचारतात, व्हर्जी, तू तेव्हाच जज्जाकडे का गेली नाहीस. पोरीचं नाव शाळेत घालायला, डॉक्टरकडे न्यायला, सगळीकडे अडायचं. बेटावर मला सगळे ओळखतात म्हणून निभावलं. जज्जाकडे गेले असते तर त्याने डार्लाच्या नावापुढे लिहिलं असतं, ही आई व्हायला लायक नाही. मी तिला त्याहून वाईट बोलले आहे, तोंडावर, याच स्वयंपाकघरात. तो माझा आणि तिचा प्रश्न. काळा झगा घातलेल्या परक्या माणसाने ते शिक्का मारून लिहावं, आणि ती परत यायची म्हटली तरी ते कागदावर तसंच राहावं, हे मला नको होतं. ती परत येणार असं मी म्हणत नाही. तसा कागद नको होता, एवढंच.

टॅबिथा शाळेतून आली. मी म्हटलं, तुझं कॉलेज माझ्यामुळे अडलंय, बोल काय बोलायचं ते.

तिने दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजी, तिचा नंबर आहे माझ्याकडे."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली. आधी तिने पत्र टाकलं होतं शाळेच्या पत्त्यावर."

म्हणजे धक्क्यावरचा पोरगा तो हा.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

तिचे कान लाल नव्हते. मी बटाट्यांची टोपली शोधत होते, पण बटाटे संपले होते.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्च बुडवून पलीकडे डार्लाकडे गेलो. अल्टनने लाँचचं भाडं घेतलं नाही. मी त्याच्याशी वाद घातला, तो ऐकू येत नसल्यासारखा हार्लन झाला.

धक्क्यावरून गावात चालत पाव तास. टॅबिथा फोनमध्ये नकाशा बघत होती, डावीकडे की उजवीकडे. मी पुढे चालत राहिले. लाँड्रीच्या बाजूच्या जिन्यापाशी मी थांबले तेव्हा ती मागून म्हणाली, "आजी, इथेच आहे बहुतेक."

"असेल," मी म्हटलं.

डार्लाने दार उघडलं. कोंबड्या कापायच्या कारखान्यातून सकाळी सुटून आली होती, पायांत अजून रबरी बूट. बोटांवर बारीक चिरा. माझ्या बोटांवर आहेत तशाच, फक्त माझ्या खेकड्यांच्या.

"आई," ती म्हणाली.

"केस कापलेस."

"हो."

"मानेला वारा लागत असेल."

मग टॅबिथा पुढे झाली आणि दोघींनी मिठी मारली. अकरा वर्षांनी पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसांची मिठी वेगळी असते. ही तशी नव्हती. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली कपडे वाळवायची यंत्रं फिरत होती, जमीन थरथरत होती.

खोली स्वच्छ. चूल पुसलेली. भिंतीवर टॅबिथाचा शाळेतला फोटो, या वर्षीचा. मला आलेल्या प्रतींतून एक कमी होती, मी शाळेला दोष दिला होता.

डार्लाने कॉफी ठेवली आणि फोन हातात घेतला. टॅबिथा तिच्या शेजारी बसून सांगत गेली. नाव, जन्मतारीख, सरकारी क्रमांक. पासवर्ड असा हवा की तुला आठवेल आणि दुसऱ्याला सुचणार नाही. डार्ला अंगठ्याने सावकाश लिहीत होती, प्रत्येक ओळ आधी पूर्ण वाचून. ही मुलगी शाळेत पाच ओळी वाचायला बसत नव्हती.

"यात कर्ज माझ्यावर येतं?" तिने विचारलं. "आलं तरी चालेल, नुसतं विचारते."

"नाही. तुझी फक्त माहिती. कर्ज माझंच."

"त्यांना माझं मागचं सगळं दिसणार?"

"फक्त कराचे आकडे. तू हो म्हणालीस तर तेच कर खात्याकडून घेतात."

"मग घेऊ दे. कर मी भरलाय." हे ती माझ्याकडे बघून म्हणाली.

मग पडद्यावर एक ओळ आली. टॅबिथाने वाचली नाही, डार्लाने स्वतः वाचली, मोठ्याने. टॅबिथा कॉर्बिन यांनी तुम्हाला पालक म्हणून बोलावलं आहे. स्वीकारता का?

खाली निळा चौकोन.

डार्लाचा अंगठा वर तरंगत राहिला.  मला वाटलं यंत्र अडकलं. मग डार्ला म्हणाली, "आई, मी दाबू?"

"मला काय विचारतेस? बोलावणं कुणाच्या नावाने आहे?"

"माझ्या."

"मग दाब. परतीची लाँच चारला आहे."

तिने दाबलं. चौकोन हिरवा झाला. झालं.

मी कधीपासून तयारी करून बसले होते, ते यंत्र तिला काय काय विचारेल याची. कुठे होतीस. किती दिवस. पोरीचे दुधाचे दात पडले तेव्हा परीच्या नावाने उशीखाली पैसे कुणी ठेवले. यातलं काहीच विचारलं नाही. तिने हो म्हटलं आणि त्याने तिला आई धरलं. मला राग यायला हवा होता. मी तो शोधत बसले, लाँचमध्ये, सगळ्या वाटेभर. हाताला लागलं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. उतरताना अल्टनने हात दिला तो मी घेतला. एरवी घेत नाही.

डार्लाने कारखान्यातली कोंबडी दिली होती. चांगली भाजली गेली.

१४ फेब्रुवारी

टॅबिथाला सरकारचा निरोप आला, अर्ज पूर्ण आहे. सरकारने आमच्या ऐपतीचा आकडा काढला. शून्याच्याही खाली. मी म्हटलं, शून्याखाली कसं काय, माझी भांडी तरी धरायची. टॅबिथा म्हणाली, जितका खाली तितकं बरं. आयुष्यात पहिल्यांदा गरिबीचा कुणी भाव वाढवून दिला.

इनेझ अजून रुसलेली आहे. केकचे दोन थर पाठवले. ताट परत आलं, घासून.

२ एप्रिल

खेकडे सुरू झाले. बोटं अजून चालतात. सोलायच्या टेबलावर बायकांना वाचून दाखवायला टॅबिथा कॉलेजचं पत्र घेऊन आली. तिला मीच बोलावलं होतं.

एक रक्कम सरकारकडून फुकट, परत करायची नाही. एक राज्याकडून, तीही फुकट. कॉलेजातच प्रयोगशाळेत आठवड्याला काही तास काम, त्याचा पगार. आणि उरलेल्यासाठी कर्ज, दोन तऱ्हांचं. एकात ती शिकत असेपर्यंतचं व्याज सरकार भरतं. दुसऱ्यात व्याज पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यावर चढतं.

"थांब," इनेझ म्हणाली. तिचा रुसवा अर्ध्यात संपला. "पैसे देतं सरकार, आणि व्याजही सरकारच भरतं? स्वतःलाच?"

"शिकत असेपर्यंत. शिक्षण संपल्यावर सहा महिने थांबतात, मग हप्ते."

"आणि माणूस मेला तर?"

"तर कर्ज संपतं. घरच्यांकडे मागत नाहीत."

टेबलावरच्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. आम्ही सगळ्या विधवा. मेलेल्या नवऱ्याच्या होडीचे हप्ते इथे बसलेल्या प्रत्येकीने खेकडे सोलून फेडलेत.  मग एकेक सुरी पुन्हा सुरू झाली.

टॅबिथा म्हणाली, ती पहिल्या तऱ्हेचं पूर्ण घेणार आणि दुसरं नाकारणार. उन्हाळ्यात कात टाकलेल्या मऊ खेकड्यांच्या टाक्यांवर काम करून तेवढं भरून काढेल. घेतलंच पाहिजे असं नाही, हवं तेवढंच घेता येतं. हे मी तिला शिकवलं नाही. मी असते तर दोन्ही घेतली असती.

११ जून

आज सही झाली.

त्याआधी सरकार एक धडा वाचायला लावतं. कर्ज म्हणजे काय, हप्ता किती बसेल, फेडता आलं नाही तर कुणाला आधी कळवायचं. मधे मधे प्रश्न विचारतं. टॅबिथाने माझ्यासमोर बसून केला. एक उत्तर माझं चुकलं. व्याज मुद्दलात कधी मिळवतात ते. आमच्या सावकाराने ते कधी सांगितलंच नव्हतं, नुसतं मिळवलं.

मग वचनपत्र. डार्ला रविवारी सुट्टी काढून आली होती ती अजून इथेच आहे, ओसरीवर जाळं दुरुस्त करत. तिला कुणी राहा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तिची लाँच रोज सुटते.

वचनपत्रात एक जागा आली. दोन माणसांची नावं आणि पत्ते द्या. पत्ते वेगळे हवेत, तुम्हाला किमान तीन वर्षं ओळखणारी हवीत.

"बघ!" मी म्हटलं. "जामीन! शेवटी आलेच वळणावर. अल्टनला बोलव."

"नाही आजी. ही माणसं पैसे देत नाहीत. उद्या मी पत्ता बदलला, सापडले नाही, तर सरकार यांना विचारणार, टॅबिथा कुठे आहे. एवढंच."

"फक्त कुठे आहे?"

"फक्त कुठे आहे."

मी खुर्चीत बसले. एवढं मोठं सरकार. जहाजं आहेत, तोफा आहेत, आकाशात यंत्रं सोडतं. आणि त्याला पोरीकडून हवं काय, तर ती कुठे आहे हे ज्यांना ठाऊक असेल अशी दोन माणसं.

पहिल्या जागेत टॅबिथाने डार्लाचं नाव घातलं, लाँड्रीचा पत्ता. दुसऱ्या जागेत माझं. आमच्या घराला क्रमांक नाही, तिने "चर्चच्या मागे, धक्क्याच्या अलीकडे" असं लिहिलं. तेही घेतलं यंत्राने. मग तिने आपलं पूर्ण नाव टाइप केलं, तीच सही.  मी माझ्या आयुष्यात एवढ्या रकमेवर सही केली नाही, कुणी करू दिली नाही.

"आई, झालं!" तिने ओसरीकडे हाक मारली. डार्ला जाळं हातात घेऊनच आत आली. पडद्याकडे बघत राहिली. आपलं नाव पहिल्या जागेत बघून तिने ते पुन्हा वाचलं, ओठ हलवत.

"मला विचारणार, ही कुठे आहे म्हणून?" ती म्हणाली. "मला?"

टॅबिथा म्हणाली, "तुलाच. आणि आजीला."

डार्ला मागे वळून ओसरीवर गेली. पाठ आमच्याकडे करून बराच वेळ एकाच गाठीशी झटत होती. ती गाठ सोपी होती, मी इथून बघत होते.

डार्ला अठरा वर्षांची होती तेव्हा तिला कुणी काही देऊ केलं नाही. समजा दिलं असतं, आणि ती सापडली नसती. ती कुठे आहे म्हणून सरकारने मला पत्र टाकलं असतं तर मी लिहिलं असतं. बेट सोडल्यावर पहिल्या वर्षी बसस्थानकामागच्या खोलीत, नंतर त्या दाढीवाल्याच्या ट्रेलरमध्ये, नंतर हिवाळाभर नशा सोडवायच्या उपचारघरात, तिथे भेटायला देत नाहीत, कुंपणाबाहेरून बाग दिसते. मग लाँड्रीच्या वर. उलट टपाली कळवलं असतं, प्रत्येक वेळी, दाराचा रंगसुद्धा.